बँड पुन्हा एकत्र, समीक्षकाचे दोन तारे आणि खवळलेले चाहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना बँड पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतो. दौरा जाहीर होतो, तिकिटं बघता बघता संपतात, पहिला कार्यक्रम होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याशा वर्तमानपत्रात पाचपैकी दोन तारे झळकतात. त्यानंतर चाहते आणि समीक्षक यांच्यात जी जुंपते तिचे मुद्दे इतके ठरलेले आहेत की बँडचं नाव बदललं तरी भांडण तेच राहतं. मी बरीच वर्षं ही भांडणं वाचतो, अधूनमधून त्यात उडी मारतो आणि एकदा सपशेल तोंडावरही आपटलो आहे. तो किस्सा पुढे येईल. मी चाहत्यांच्या गोटातला आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे "तू नक्की कुणाच्या बाजूने?" हा प्रश्न यादीत घ्यायला नको.

समीक्षकांचा आमच्या बँडवर जुना राग असतो का?

एखाद्याचा असेलही. पण पन्नाशीला टेकलेला समीक्षक बहुधा त्याच बँडच्या कॅसेट झिजवत मोठा झालेला असतो. आपल्याला जो राग वाटतो तो पुष्कळदा प्रेमभंग असतो. शिवाय मथळा तो लिहीत नाही, उपसंपादक लिहितो. ज्या मथळ्यावरून तुम्ही रात्रभर भांडलात तो समीक्षकाने सकाळी तुमच्याइतक्याच आश्चर्याने वाचलेला असू शकतो.

आणि प्रामाणिकपणे आठवून बघा, त्याच माणसाने मागच्या अल्बमला पाच तारे दिले तेव्हा आपण काय म्हणालो होतो? "अखेर कुणाला तरी कान आहेत!" आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

परीक्षण कायम पहिल्याच रात्रीचं का असतं?

कारण बातमी पहिल्या रात्रीची असते. सदतिसाव्या रात्रीचं परीक्षण कोणता संपादक छापेल? वर्तमानपत्राच्या समीक्षकाला कार्यक्रम संपताच मजकूर द्यायचा असतो, त्यामुळे शेवटची गाणी चालू असताना तो अंधारात मान खाली घालून टाइप करत असतो. आणि नेमकी पहिली रात्र ही दौऱ्यातली सर्वांत कच्ची रात्र. बंद खोलीत महिनाभर तालीम केली तरी वीस हजार माणसांसमोर हात वेगळेच चालतात.

याचं माझं आवडतं उदाहरण 'द पोलीस' या बँडचं आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये ग्रॅमी सोहळ्यात हे तिघे पुन्हा एकत्र वाजले आणि मे महिन्यात व्हँकुव्हरहून त्यांचा दौरा निघाला. जेमतेम दोन कार्यक्रम होतात न होतात तोच एक जहाल परीक्षण आलं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा कोण कुठे आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता, बँड पूर्ण भरकटला होता, सगळा प्रकार अविश्वसनीय फुसका होता आणि गायक स्टिंगने मारलेली उडी रॉकच्या देवाची नसून रुसूबाईची वाटत होती, अशा अर्थाचं. लिहिणारा कोण? त्याच बँडचा ड्रमर, स्ट्युअर्ट कोपलंड. स्वतःच्याच संकेतस्थळावर! वर्तमानपत्रांनी लगेच "दोन कार्यक्रमांत भांडण" अशी बातमी केली. कोपलंडने पुढे स्टिंगची माफी मागितली आणि आपण स्वतःची जरा जास्तच चिरफाड केली असं सांगितलं. दौरा मात्र ऑगस्ट २००८ पर्यंत चालला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपला आणि त्याची कमाई ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेली.

कोपलंडचा तो मजकूर मी पुनर्मीलनाच्या परीक्षणांचा मापदंड मानतो. पैसा, वय, आठवणी, पिढी वगैरे एक शब्द नाही. कोणत्या गाण्यात, कुठे, कोण चुकलं, एवढंच. समीक्षकांपैकी किती जण इतकं नेमकं लिहितात? आणि आपल्यापैकी किती जण इतकं नेमकं उत्तर देतात?

सल्ला हवा असेल तर हा घ्या: पहिल्या रात्रीचं परीक्षण बातमी म्हणून वाचा आणि तिकीट काढायचं ठरवायला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातलं, एखाद्या लहान शहरातल्या दैनिकाचं परीक्षण शोधा. तोवर बँडचे हात बसलेले असतात आणि लिहिणाऱ्यावर पहिलेपणाचं दडपण नसतं.

"पैशासाठी एकत्र आले" ही टीका योग्य आहे का?

खरी असू शकते. पण ते परीक्षण नाही.

१९९६ मध्ये सेक्स पिस्टल्स परत आले तेव्हा लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये पत्रकार परिषद झाली. तिथे गायक जॉन लायडनने सांगून टाकलं की आम्हा चौघांना एकत्र आणणारा समान हेतू सापडला आहे आणि तो म्हणजे तुमचा पैसा. दौऱ्याचं नावही त्याच अर्थाचं, 'फिल्दी ल्यूकर', म्हणजे पापाची कमाई. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रश्नच नाही. यांनी भांडं वाजवत वाजवत नेलं. मग समीक्षकाने दुसऱ्या दिवशी "हे पैशासाठी आलेत" असं लिहिलं, तर त्याने नवीन काय सांगितलं?

ईगल्सचंही तसंच. १९८० मध्ये फुटलेला बँड. पुन्हा कधी एकत्र वाजाल असं विचारलं की त्यांचा ड्रमर-गायक डॉन हेन्ली म्हणायचा, नरक गोठेल तेव्हा. १९९४ मध्ये एकत्र आले तेव्हा दौऱ्याला नेमकं तेच नाव दिलं आणि ग्लेन फ्रायने मंचावरून सांगितलं की आम्ही फुटलोच नव्हतो, चौदा वर्षांची सुट्टी घेतली होती. चांगल्या जागांची तिकिटं शंभर डॉलरच्या वर गेली. तेव्हा ही किंमत म्हणजे आक्रीत होतं आणि त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्या रकान्यांतून एक गोष्ट कळत नाही: चार-पाच जणांनी मिळून धरलेले ते स्वर जुळत होते की नव्हते? या बँडच्या बाबतीत विचारायचा प्रश्न तोच, कारण त्यांचं सगळं घर त्या जुळलेल्या आवाजांवर उभं आहे.

हेतूवर लिहायला हरकत नाही, स्वतंत्र लेख लिहा. मजुरी घेतली म्हणून सुताराची खुर्ची डुगडुगत नाही आणि फुकट केली म्हणून ती पक्की होत नाही.

समीक्षक फुकट बसतो. त्याला आमच्या खिशाचं काय कळणार?

या मुद्द्यावर मी पूर्णपणे चाहत्यांसोबत. ३१ ऑगस्ट २०२४ला ओएसिसच्या ब्रिटनमधल्या तिकिटांची विक्री सुरू झाली. तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबलेल्या लोकांचा नंबर लागला तेव्हा सुमारे १४८ पाऊंडांचं उभं राहायचं तिकीट ३५५ पाऊंडांना दिसत होतं. तिथल्या स्पर्धा नियामकाने त्याची चौकशी सुरू केली. अशा दौऱ्याच्या परीक्षणात तिकिटाची किंमत यायलाच हवी. पुस्तकाच्या परीक्षणाखाली किंमत छापतात, मग इथे का नको?

पण याची दुसरी बाजू आपल्याला टोचणारी आहे. समीक्षकाने पैसे दिलेले नसतात म्हणून तो कार्यक्रम वाईट झाला असं सहज म्हणू शकतो. आपण महिन्याची शिल्लक घालवलेली असते, रजा टाकलेली असते, घरी बोलणी खाल्लेली असतात. एवढं करून "मजा नाही आली" असं कबूल करायला छाती लागते. म्हणून तिकीट जितकं महाग तितका चाहत्याच्या स्तुतीवर माझा विश्वास कमी. माझ्या स्वतःच्या स्तुतीवरसुद्धा.

समीक्षक म्हणतो आवाज खराब होता. मी तिथेच होतो, आवाज उत्तम होता. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. तुम्ही दोघं वेगवेगळे कार्यक्रम ऐकून आलात.

आता तो किस्सा. काही वर्षांपूर्वी असाच एक परत आलेला बँड ऐकायला गेलो होतो. जागा बाल्कनीच्या खाली, अगदी मागे. गायकाचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा येत होता, बेस नुसता घुमत होता. परत येऊन मी रात्री दोन वाजता लांबलचक मजकूर लिहिला: याचा गळा संपला, याने आता गाऊ नये. माझा एक मित्र त्याच रात्री ध्वनिमिश्रणाच्या टेबलापासून दहा पावलांवर उभा होता. त्याचं म्हणणं, इतका स्वच्छ आवाज आयुष्यात ऐकला नाही. आमचं आठवडाभर बोलणं बंद. पुढे बँडने त्याच रात्रीचं ध्वनिमुद्रण विकायला काढलं आणि मी ते ऐकलं. गळा ठणठणीत होता. उलट दुसरी गिटार दोन गाण्यांत चक्क बेसूर होती आणि त्याबद्दल आम्हा दोघांपैकी कुणीच एक अक्षर काढलं नव्हतं.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. ध्वनिमिश्रण करणारा माणूस टेबलावर बसून जे ऐकतो त्यावरून खटके फिरवतो, म्हणून त्या टेबलाच्या आसपास आवाज सर्वांत नीट. बाल्कनीच्या खाली वरच्या पट्टीतले आवाज अडतात आणि खालचे साचतात. उघड्या मैदानात वारा फिरला की आवाज लाटांसारखा येतो आणि जातो. दुपारची ध्वनिचाचणी रिकाम्या सभागृहात होते. संध्याकाळी माणसं भरली की त्यांची शरीरं आणि कपडे आवाज शोषून घेतात आणि सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. पहिली दोन-तीन गाणी या मांडामांडीतच जातात. "सुरुवातीला आवाज फाटला होता" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक परीक्षणात असतं ते यामुळे.

स्टेडियमची तर कथाच वेगळी. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही मंचापासून १०० मीटर मागे असाल तर ठोका तुमच्यापर्यंत यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे तुम्ही अर्ध्या ठोक्याहून जास्त मागे. मागच्या लोकांच्या टाळ्या पुढच्यांशी जुळत नाहीत, आणि मोठ्या पडद्यावर ड्रमरची काठी आधी पडते, आवाज मागून येतो. हे टाळायला मैदानाच्या मध्यावर मनोऱ्यांवर आणखी स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. तरी कुठेतरी एखादा पट्टा असा राहतोच की जिथे दोन आवाज एकमेकांवर आदळतात. तुमचा समीक्षक त्या पट्ट्यात बसला असेल तर बिचाऱ्याचे तारे गेलेच.

तेव्हा परीक्षण कुणाचंही असो, लिहिणारा कुठे बसला होता हे आधी विचारा.

मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून मत बनवलं तर?

उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबला जातो, बेस नाहीसा होतो, आणि शेजारी बेंबीच्या देठापासून गाणारा माणूस गायकापेक्षा मोठा ऐकू येतो. गायकाची पट्टी कळेल, ठेका सुटला तर कळेल. "जोर नव्हता" हे मात्र त्यावरून ठरवू नका.

गाणी खालच्या पट्टीत गायली. ही फसवणूक नाही का?

नाही. गळा हा शरीराचा भाग आहे आणि शरीराचं वय होतं. पंचविशीत तार सप्तकात किंचाळलेलं गाणं साठीत तिथेच गायचा हट्ट धरला तर दौऱ्याच्या चौथ्या आठवड्यात घसा बसतो आणि पुढचे कार्यक्रम रद्द होतात. म्हणून गिटारी अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने उतरवून घेतात. लेड झेपलिनने २००७ च्या लंडनमधल्या कार्यक्रमात काही गाणी अशी उतरवलीच होती आणि तरी परीक्षणं डोक्यावर घेणारी आली. उलट गन्स एन रोझेसच्या तर मूळ ध्वनिमुद्रणातच गिटारी अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत, त्यामुळे "गिटार उतरवली म्हणजे गळा गेला" हा निष्कर्षही घाईचा.

माझा आक्षेप दुसऱ्याच ठिकाणी आहे. पट्टी उतरली तरी गाणं तेच राहतं. लय उतरली की गाणं झोपतं. ड्रमर दमला म्हणून प्रत्येक गाणं थोडं थोडं सैल पडत जातं आणि तासाभराने सगळा कार्यक्रम ओल्या कपड्यासारखा लोंबायला लागतो. समीक्षक पट्टीबद्दल हमखास लिहितात, लयीबद्दल क्वचित. घरी घड्याळ लावून मोजण्याइतकं हे सोपं आहे.

आधी मुद्रित केलेले आवाज वापरणं चालतं का?

कीबोर्डचे थर, व्हायोलिनांचा ताफा, तालवाद्यांचे बारीक आवाज आधी मुद्रित करून सोडणं मोठ्या दौऱ्यांत सर्रास चालतं. ड्रमरच्या कानात त्यासाठी टकटक चालू असते आणि सगळे त्या टकटकीला बांधलेले असतात. मला त्याचा त्रास नाही. मुख्य गायकाचाच आवाज मुद्रित असेल तर मात्र समीक्षकाने ठणकावून लिहावं. ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, हे पकडायला संगीत शिकावं लागत नाही. फक्त स्टेडियममध्ये मागे बसून पडद्याकडे बघत हा आरोप करू नका. कारण वर सांगितलंच आहे.

दर रात्री तीच गाणी, त्याच क्रमाने. हा आळस नाही का?

ओएसिसचा २०२५ चा दौरा ४ जुलैला कार्डिफला सुरू झाला आणि २३ नोव्हेंबरला साओ पाउलोला संपला. ४१ कार्यक्रम, आणि गाण्यांची यादी जवळपास अक्षरशः तीच. ज्यांनी एकदा पाहिला ते भारावून गेले. ज्यांनी सहा वेळा पाहिला त्यातले काही कुरकुरले. समीक्षकाने एकदाच पाहिलेला असतो, त्यामुळे ही तक्रार त्याच्या परीक्षणात सापडणारच नाही. ती खास आपली, आणि आपल्यातही मूठभरांची. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात दिवे, पडदे, चित्रं सगळं गाण्याला बांधून ठेवलेलं असतं. एक गाणं बदललं की खालच्या वीस माणसांचं काम बदलतं.

दुसऱ्या टोकाला ग्रेटफुल डेड. २०१५ मध्ये बँडच्या पन्नाशीनिमित्त हयात सदस्यांनी सांता क्लारा आणि शिकागो मिळून पाच निरोपाचे कार्यक्रम केले आणि त्यांत गाणी क्वचितच पुन्हा वाजवली. पण त्यांचा सगळा पंथच रोज वेगळं वाजवण्याचा आहे. ज्यांचा तो स्वभाव नाही त्यांच्याकडून ती अपेक्षा कशाला?

आळस वाटला तर तो एकाच गोष्टीत शोधा: गाण्यांच्या मधलं बोलणं. विनोद, हुंदका, "तुमच्यासारखे प्रेक्षक कुठेच नाहीत" हे वाक्य, सगळं ठरलेल्या जागी येत असेल तर मला ते गाण्यांच्या यादीपेक्षा जास्त खटकतं.

मूळचे किती जण असले म्हणजे "पुन्हा एकत्र आले" म्हणायचं?

यावर मैत्र्या तुटलेल्या आहेत, म्हणून जपून लिहितो. आकडा कुणालाच ठरवता आलेला नाही. लेड झेपलिनमध्ये दिवंगत ड्रमर जॉन बोनहॅमच्या जागी त्याचा मुलगा जेसन बसला आणि कुणी कुरकुर केली नाही. पँटेराचं नाव घेऊन २०२२ मध्ये दौरा निघाला तेव्हा ॲबट बंधू, म्हणजे गिटारवादक आणि ड्रमर, दोघेही हयात नव्हते. हे पुनर्मीलन की श्रद्धांजली यावर अजून एकमत नाही. क्वीनने आपला गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर पॉल रॉजर्ससोबत दौरा काढला तेव्हा नावात सरळ अधिकचं चिन्ह टाकलं, पुढे ॲडम लँबर्टसोबतही तेच केलं. मला ते चिन्ह फार आवडतं. मर्क्युरीची जागा भरली असा दावा नाही आणि कार्यक्रमही अडला नाही.

गायक आजारी आहे, म्हातारा झालाय. तरी त्याच्या गाण्यावर टीका करणं क्रूर नाही का?

हा सर्वांत अवघड प्रश्न. माझं उत्तर दर दोन वर्षांनी बदलतं.

जेनेसिसच्या शेवटच्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. ज्या माणसाच्या ड्रमवर एक पिढी वेडी होती त्याला हातांतल्या त्रासामुळे काठ्या धरता येत नव्हत्या, आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. मार्च २०२२ मध्ये लंडनला शेवटचा कार्यक्रम झाला. आवाज पूर्वीचा नव्हता, हे सगळ्यांना ऐकू येत होतं. चांगल्या समीक्षकांनी ते लिहिलंही, आणि त्याच परिच्छेदात मुलाच्या ठेक्यावर बापाची मान कशी हलत होती तेही लिहिलं. यात मला क्रौर्य दिसत नाही. क्रौर्य दिसतं ते "याला आता घरी बसवा" अशा एका ओळीत.

ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमध्ये एकत्र आले. पार्किन्सनने ग्रासलेला ऑझी ऑस्बर्न सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला, अवघ्या सतरा दिवसांनी, तो गेला. त्या रात्रीच्या सुरांचा हिशोब आता कुणी मांडत नाही आणि मांडूही नये. तो कार्यक्रम कशासाठी आहे हे मंचावरच्या आणि खालच्या प्रत्येकाला माहीत होतं. पण दीडशे कार्यक्रमांचा, चढ्या तिकिटांचा दौरा काढून "तब्येतीमुळे समजून घ्या" असं कुणी म्हणत असेल तर समीक्षकाने समजून घ्यायची गरज नाही.

बसून गायलं म्हणजे जोर गेला, हेही खरं नाही. रेज अगेन्स्ट द मशीनचा झॅक दे ला रोचा २०२२ च्या दौऱ्यात दुसऱ्याच कार्यक्रमात पायाने जायबंदी झाला आणि पुढचे कार्यक्रम त्याने बसून केले. गन्स एन रोझेसचा गायक ॲक्सल रोझ याने २०१६ मध्ये मोडलेल्या पायाने फू फायटर्सच्या डेव्ह ग्रोलचं सिंहासन उसनं घेऊन कार्यक्रम केले. दोघांच्याही गाण्यात आग कमी नव्हती.

सगळं स्टेडियम रडत होतं, गात होतं. समीक्षकाला ते दिसलं नाही का?

दिसलं नसेल तर परीक्षण अपुरं आहे. असे कार्यक्रम निम्मे मंचाखाली घडतात. चाळिशीतला माणूस शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडतो, ही त्या रात्रीची बातमी आहे आणि ती लिहायलाच हवी.

पण गर्दी बेभान झाली म्हणजे बँड चांगला वाजला, हे त्यातून सिद्ध होत नाही. साक्षीला पुन्हा लेड झेपलिन. १३ जुलै १९८५, लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम, फिलाडेल्फिया. बोनहॅमच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी तिघे एकत्र. ड्रमवर दोघे: टोनी थॉम्पसन आणि त्याच दिवशी लंडनला गाऊन काँकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून आलेला फिल कॉलिन्स. तालीम नावापुरती. गायक प्लँटचा घसा बसलेला, गिटारवादक पेजची गिटार सुरात नाही. समोरची गर्दी मात्र वेडी झाली होती. त्या गर्दीतल्या कुणाला विचाराल तर तो आयुष्यातला सर्वोत्तम दिवस होता असं सांगेल आणि ते खरंच असेल. पण २००४ मध्ये लाइव्ह एडच्या डीव्हीडी निघाल्या तेव्हा बँडनेच आपला भाग घालू दिला नाही.

नंतर १० डिसेंबर २००७ला लंडनच्या ओटू सभागृहात तेच तिघे जेसन बोनहॅमला घेऊन उभे राहिले ते अनेक आठवड्यांच्या तालमीनंतर. मुळात कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये होता. पेजचं बोट मोडलं म्हणून पुढे ढकलला. तिकिटांसाठी दोन कोटींच्या घरात मागणी आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. या वेळी गर्दीही वेडी झाली आणि समीक्षकही. दौरा मात्र निघालाच नाही, आणि मला वाटतं दौऱ्याला नकार देणाऱ्या प्लँटचं त्यात बरोबर होतं.

समीक्षकाने गाण्याचं नावच चुकवलं. मग बाकीचं का वाचायचं?

चूक कळवा, दोन ओळीत, शिवी न देता. पहाटे दोनला लिहिलेल्या मजकुरात एक नाव चुकतं. तीन चुकली तर मात्र तो तिथे नव्हता असं मानायला हरकत नाही.

तारे किती गांभीर्याने घ्यायचे?

अजिबात नको. तीन तारे म्हणजे "मला ठरवता आलं नाही".

वाईट परीक्षण आलं. माझं पुढच्या महिन्याचं तिकीट विकून टाकू?

नको. २०१२ च्या जूनमध्ये स्टोन रोझेसच्या ॲमस्टरडॅमच्या कार्यक्रमात ड्रमर रेनी निघून गेला आणि "वन्स मोअर"ची गाणी झालीच नाहीत. त्या रात्री कुणीही म्हणालं असतं की संपलं. त्याच महिन्याच्या शेवटी मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये त्यांनी सलग तीन दिवस वाजवलं, आणि तिथे असलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात.

शिवाय पुढची वेळ येईलच असं नाही. व्हेल्वेट अंडरग्राउंड १९९३ मध्ये युरोपात फिरले, परीक्षणं संमिश्र आली. अमेरिकेचा दौरा निघण्याआधीच त्यांच्यातल्या लू रीड आणि जॉन केल यांचं पुन्हा बिनसलं आणि १९९५ मध्ये गिटारवादक स्टर्लिंग मॉरिसन गेला. "सूर लागल्यावर बघू" म्हणून थांबलेले लोक थांबलेलेच राहिले.

मलाच कार्यक्रम आवडला नाही. बाकीच्या चाहत्यांना सांगू का?

सांगा. कुठे उभे होतात ते आधी सांगा, मग कोणत्या गाण्यात काय बिघडलं ते. "पूर्वीची मजा नाही" असं मोघम लिहू नका, ते समीक्षकही लिहितात. आणि कुणी म्हणालंच की तू खरा चाहता नाहीस, तर त्याला स्ट्युअर्ट कोपलंडबद्दल विचारा. तो तर बँडमध्येच होता.